एकाच भाषेत अख्खं वेब ॲप: टँकरच्या नोंदवहीपासून सुरुवात करू

वेब ॲप शिकायचंय, कुठून सुरू करू, असं कोणाला विचारलं की समोरचा एका दमात रिॲक्ट, नोड, मोंगो, नेक्स्ट, टाइपस्क्रिप्ट, डॉकर अशी यादी वाचून दाखवतो आणि विचारणारा तिथेच गार होतो. म्हणून आपण यादी बाजूला ठेवू आणि एक छोटं, खरंच वापरता येईल असं ॲप घेऊ. पुण्याच्या कडेच्या कुठल्याही नव्या सोसायटीत उन्हाळ्यात पाण्याचे टँकर येतात, वॉचमनच्या केबिनमध्ये त्याची एक वही असते, आणि महिन्याच्या शेवटी टँकर नक्की किती आले आणि बिल किती टँकरचं आलं यावरून कमिटीत जुंपते. तर ती वही आपण वेबवर आणायची. टँकर कधी आला, किती लिटर, किती रुपये, कोणी उतरवून घेतला, बस एवढंच.

भाषा एकच, जावास्क्रिप्ट. १९९५ साली नेटस्केपमध्ये ब्रेंडन आइकने साधारण दहा दिवसांत तिचा पहिला नमुना उभा केला, आणि नंतर बरीच वर्षं ती ब्राउझरमध्येच रमली. सर्व्हरवर, म्हणजे पानं आणि माहिती पुरवणाऱ्या मशीनवर, तिचे प्रयोग झाले पण रुजले नाहीत, तिकडे पीएचपी, जावा, पायथन वगैरे मंडळी होती. २००८ ला क्रोम आला, त्यातलं जावास्क्रिप्ट चालवणारं व्ही-एट इंजिन जबरदस्त फास्ट होतं, आणि २००९ मध्ये रायन डालने तेच इंजिन ब्राउझरच्या बाहेर काढून नोड जेएस बनवलं. तेव्हापासून पान पण जावास्क्रिप्टमध्ये आणि सर्व्हर पण जावास्क्रिप्टमध्ये हे शक्य झालं.

पण एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करा, कारण नवीन माणूस हमखास इथेच गोंधळतो. भाषा एक झाली तरी जागा दोनच राहतात. एक कोड वॉचमनच्या फोनवर, ब्राउझरमध्ये चालतो, दुसरा तुमच्या सर्व्हरवर चालतो. ब्राउझरमध्ये पान आहे, बटणं आहेत, पण तुमचा डेटाबेस नाही. सर्व्हरवर फाइली आहेत, डेटाबेस आहे, पण बटण नावाची गोष्टच नाही, तिथे "डॉक्युमेंट" (ब्राउझरमधल्या पानाचं कोडमधलं नाव) म्हटलं की नोड सरळ एरर देतो. लिहिताना प्रत्येक ओळीला विचारायचं, बाई तू चालणार कुठे? हे जमलं की अर्धा गुंता सुटला.

आणि हो, एकच भाषा म्हणजे बाकी काहीच नाही असं नाही हं. पानाचा सांगाडा एचटीएमएल, रंगरंगोटी सीएसएस, आणि डेटाबेससाठी थोडं एसक्यूएल लागेलच. त्यातलं कामापुरतं आठवड्याभरात येतं.

पूर्ण कोड मी मुद्दाम देत नाहीये. कॉपी-पेस्ट केलं की हात चालतात, डोकं नाही. काय टाइप करायचं ते सांगतो, नेमकी स्पेलिंग एक्सप्रेस आणि नोडच्या अधिकृत पानांवर बघून घ्या.

पायरी १: नोड टाका

नोडच्या साइटवर एलटीएस (जास्त काळ सांभाळलं जाणारं) लिहिलेलं व्हर्जन असतं तेच घ्या, २२ किंवा त्याच्या पुढचं. विंडोजवर इन्स्टॉल करताना जादा टूल्स आपोआप टाकू का असा एक चौकोन येतो, तो रिकामाच सोडा, आत्ता गरज नाही. मग टर्मिनल उघडून नोड, स्पेस, डॅश व्ही, एंटर. आकडा दिसला की झालं. एनपीएम सोबतच येतं, म्हणजे लोकांनी लिहिलेली पॅकेजेस आणायचं साधन.

विंडोजवाल्यांना इथे एक ठरलेला धक्का बसतो: पॉवरशेलमध्ये एनपीएम चालवलं की स्क्रिप्ट चालवायला बंदी आहे असा लाल मेसेज येतो. घाबरायचं काही नाही, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि तिथे तेच टाइप करा, चालतं. दुसरं म्हणजे प्रोजेक्टचं फोल्डर डेस्कटॉपवर करू नका, बऱ्याच लॅपटॉपवर डेस्कटॉप हा वनड्राइव्हशी जोडलेला असतो आणि मग हजारो बारक्या फाइली ढगात चढवत बसतो. सी ड्राइव्हवर साधं "टँकर" नावाचं फोल्डर करा, नाव इंग्रजी लिपीत, मध्ये स्पेस नको.

एडिटर म्हणून व्हीएस कोड. दुसरं आवडत असेल तर ते, यावर भांडण नाही.

पायरी २: प्रोजेक्ट सुरू करा

फोल्डरमध्ये जाऊन एनपीएम इनिट डॅश वाय. एक पॅकेज डॉट जेसन फाइल तयार होते, ती तुमच्या प्रोजेक्टची कुंडली. त्यात "टाइप" या नावापुढे "मॉड्यूल" असं लिहा, दुसरं काही लिहिलेलं असेल तर बदला. का, तर जावास्क्रिप्टमध्ये दुसरी फाइल आणायच्या दोन पद्धती आहेत, जुनी रिक्वायर आणि नवी इम्पोर्ट, नेटवर दोन्ही सापडतात आणि दोन्ही मिसळले की जे एरर येतात त्यात अख्खी संध्याकाळ जाते. ब्राउझरला इम्पोर्टच कळतं, आपल्याला पुढे एक फाइल दोन्हीकडे वापरायची आहे, त्यामुळे सगळीकडे इम्पोर्टच.

मग एनपीएम इन्स्टॉल एक्सप्रेस. एक्सप्रेस म्हणजे सर्व्हर लिहिणं सोपं करणारं पॅकेज, २०१० पासूनचं, जुनं आणि खात्रीचं. बाकी पॅकेजेस टाकायची घाई नको. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचं जेमतेम ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून टाकलं आणि जगभरातल्या लोकांचे प्रोजेक्ट बिल्ड व्हायचे थांबले, कारण ते कोणाच्या तरी कोणाच्या तरी पोटात बसलेलं होतं. शब्दाच्या डावीकडे स्पेस भरायला पॅकेज! जे दहा ओळीत स्वतः लिहिता येतं ते स्वतः लिहा.

नोड मॉड्यूल्स नावाचं फोल्डर तयार झालेलं दिसेल, त्याला हात लावायचा नाही आणि गिटमध्ये (कोडमधले बदल साठवून ठेवणारं साधन) टाकायचं नाही, गिटइग्नोर फाइलमध्ये त्याचं नाव लिहून ठेवा. दुसऱ्या मशीनवर एनपीएम इन्स्टॉल मारलं की ते परत तयार होतं.

पायरी ३: सर्व्हर बोलता करा

सर्व्हर डॉट जेएस नावाची फाइल. त्यात एक्सप्रेस इम्पोर्ट करा, ॲप बनवा, "/" या पत्त्यावर गेट रिक्वेस्ट, म्हणजे "मला हे दे" अशी मागणी, आली की "चालू आहे" असं उत्तर पाठवा, आणि शेवटी लिसन ३०००, म्हणजे ३००० नंबरच्या पोर्टवर, दारावर म्हणा, वाट बघ. पाच-सात ओळी होतात. चालवताना नोडच्या पुढे डॅश डॅश वॉच लावा म्हणजे फाइल सेव्ह केली की सर्व्हर आपोआप परत सुरू होतो, पूर्वी यासाठी वेगळं पॅकेज घालायचे, आता गरज नाही. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट (म्हणजे हेच मशीन) कोलन ३००० उघडा.

ॲड्रेस इन यूज असा एरर आला तर जुना सर्व्हर दुसऱ्या खिडकीत अजून चालू आहे, तिथे जाऊन कंट्रोल सी दाबा.

जाता जाता एक गंमत: जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत पण चालतं, लिटर असं मराठीत लिहिलं तरी इंजिनला काही प्रॉब्लेम नाही. करू नका मात्र, दर ओळीला कीबोर्ड बदलून वेड लागेल.

पायरी ४: दोन पत्ते, घ्या आणि द्या

आपल्याला दोन पत्ते लागतात, खरं तर एकच पत्ता दोन पद्धतीने. पत्ता /api/tankers. त्यावर गेट म्हणजे यादी द्या, पोस्ट म्हणजे ही नवी नोंद घ्या. आत्ता डेटाबेस नको, एक साधा ॲरे, म्हणजे मेमरीतली यादी, ठेवा आणि नोंद आली की त्यात पुश करा. सर्व्हर परत सुरू झाला की ॲरे रिकामा होईल, होऊ द्या.

पोस्टमध्ये बॉडी, म्हणजे पाठवलेली माहिती, रिकामी येते अशी तक्रार नव्वद टक्के नवीन लोकांची असते, म्हणजे नेमका आकडा कोणी मोजलाय असं नाही, पण तुमची पण होणार धरून चाला. कारणं दोनच. एक, सर्व्हरवर पत्त्यांच्या आधी ॲप डॉट यूज करून एक्सप्रेस डॉट जेसन लावलेलं नाही. दोन, पाठवणाऱ्याने कंटेंट टाइप जेसन (माहिती लिहून पाठवायचा एक ठरलेला साचा) आहे असं हेडरमध्ये सांगितलेलं नाही.

आणि इथे एकाच भाषेचा पहिला फायदा दिसतो. हे तपासायला वेगळं टूल लागत नाही, ब्राउझरमध्ये एफ १२ दाबा, कन्सोलमध्ये जा आणि तिथेच फेच (सर्व्हरशी बोलणारं ब्राउझरचं फंक्शन) लिहून नोंद पाठवा. जे तिथे चाललं तेच नंतर पानाच्या स्क्रिप्टमध्ये जसंच्या तसं टाकायचं. फक्त लक्षात ठेवा, सर्व्हरने ४०० (पाठवलेलं चुकलं) किंवा ५०० (सर्व्हरच बिघडला) असा स्टेटस दिला तरी फेच ते अपयश मानत नाही, त्याच्या दृष्टीने उत्तर आलं म्हणजे काम झालं. उत्तरातलं "ओके" खरं आहे का ते आपणच बघायचं.

पायरी ५: तपासणी एकदाच लिहा, दोन्हीकडे वापरा

इथे जरा निवांत थांबू, कारण एकच भाषा वापरायचं खरं कारण हे आहे. लोक म्हणतात एकच भाषा म्हणजे शिकायचं कमी. ते असेलही, पण सर्व्हर वेगळ्या भाषेत असेल तर प्रत्येक नियम दोनदा लिहावा लागतो, एकदा पानावर आणि एकदा सर्व्हरवर, आणि सहा महिन्यांनी एका बाजूचा नियम बदलतो, दुसऱ्या बाजूचा तसाच राहतो. आपण तो एकदाच लिहू.

शेअर्ड नावाचं फोल्डर करा, त्यात तपासणी डॉट जेएस. त्यातून एकच फंक्शन एक्सपोर्ट करायचं, त्याला नोंद द्यायची आणि ते चुकांची यादी आणि स्वच्छ केलेली नोंद परत देतं. या फाइलमध्ये ना डॉक्युमेंट वापरायचं ना डेटाबेस, शुद्ध जावास्क्रिप्ट, म्हणजे ती कुठेही चालते.

आता आत काय काय तपासायचं ते बघा, कारण गमती इथेच आहेत. फॉर्ममधून येणारी प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर, असते, आकडा दिसतो पण आकडा नसतो. १०००० आणि ५००० लिटरचे दोन टँकर आले आणि तुम्ही सरळ अधिक चिन्ह लावलं तर बेरीज १५००० येत नाही, दोन्ही शब्द चिकटतात आणि १००००५००० लिटर होतात. दहा कोटी लिटर! जावास्क्रिप्ट एरर पण देत नाही, हसत हसत उत्तर देते. म्हणून आत आल्या आल्या नंबर फंक्शनमधून काढायचं.

तेवढ्याने पण भागत नाही, कारण आपला वॉचमन मराठी कीबोर्ड लावून आकडे मराठीत टाकणार, आणि नंबर फंक्शनला मराठी आकडे कळत नाहीत, ते नॅन देतं, म्हणजे "हा आकडाच नाही". तर आधी मराठी आकडे इंग्रजी करून घ्यायचे. सोपं आहे, युनिकोडमध्ये मराठी शून्य ते नऊ ओळीने बसलेत, प्रत्येक अक्षराच्या कोडमधून मराठी शून्याचा कोड वजा केला की आकडा मिळतो. तीन ओळींचं काम. इंग्रजी ट्युटोरियलमध्ये हे सहसा सापडणार नाही कारण लिहिणाऱ्याला ती गरजच पडलेली नाही.

मग बाकीचं: लिटर शून्यापेक्षा जास्त आणि समजा ३०००० पेक्षा कमी, रुपये निगेटिव्ह नाहीत, उतरवून घेणाऱ्याचं नाव रिकामं नाही, स्पेसेस ट्रिम केलेल्या.

ही फाइल सर्व्हर डॉट जेएसमध्ये इम्पोर्ट करा, पोस्ट आली की तपासा, चुका असतील तर ४०० स्टेटस आणि चुकांची यादी, नसतील तर साठवा आणि २०१, म्हणजे नोंद तयार झाली. हीच फाइल पुढच्या पायरीत पान पण इम्पोर्ट करणार आहे. मग प्रश्न येतो, पानावर तपासलं तर सर्व्हरवर परत कशाला? कारण पानावरची तपासणी फक्त वापरणाऱ्याच्या सोयीसाठी आहे, त्याला लगेच कळावं म्हणून. आत्ताच तुम्ही कन्सोलमधून पान नसताना नोंद पाठवलीत ना, तशी कोणीही पाठवू शकतो. राखण सर्व्हरच करणार.

पायरी ६: पान

पब्लिक नावाच्या फोल्डरमध्ये इंडेक्स डॉट एचटीएमएल, त्यात फॉर्म आणि खाली रिकामं टेबल. सर्व्हरमध्ये एक्सप्रेस डॉट स्टॅटिक वापरून पब्लिक फोल्डर उघडं करा, आणि शेअर्ड फोल्डर "/शेअर्ड" या पत्त्यावर (इंग्रजी लिपीत अर्थात). फक्त हे दोनच. कंटाळा करून अख्खं प्रोजेक्ट फोल्डर उघडं केलंत तर उद्या डेटाबेसची फाइल पण लोकं डाउनलोड करतील.

स्क्रिप्ट टॅगला टाइप मॉड्यूल लावा, नाहीतर इम्पोर्ट चालणार नाही. फॉर्मच्या सबमिटवर आधी प्रिव्हेंट डिफॉल्ट, म्हणजे पान रिफ्रेश होत नाही, मग तपासणी, चुका असतील तर फॉर्मखाली दाखवा, नसतील तर फेचने पाठवा आणि यादी परत आणा. टेबलमध्ये नाव दाखवताना टेक्स्ट कंटेंट वापरा, इनर एचटीएमएल नको, कारण नावाच्या जागी कोणी टॅग लिहिला तर तो सगळ्यांच्या फोनवर चालेल.

रक्कम दाखवायला टू लोकेल स्ट्रिंग नावाचं भारी फंक्शन आहे, त्याला मराठी-भारत असा कोड (mr-IN) दिला की १२५००० चं १,२५,००० होतं, लाखाच्या जागी स्वल्पविराम आणि आकडे पण मराठीत. वेगळं पॅकेज नाही, काही नाही.

रिॲक्ट कुठे गेलं, असं वाटत असेल तर ते आत्ता लागत नाही. एक फॉर्म आणि एक टेबल यासाठी नुसतं जावास्क्रिप्ट पुरतं. जेव्हा एकच माहिती पानावर चार ठिकाणी दिसायला लागते आणि एक बदललं की बाकी तीन बदलायला तुम्ही विसरायला लागता, तेव्हा रिॲक्ट घ्या, मग ते का बनवलंय हे न सांगता कळेल. तेव्हा व्हीट (Vite, रिॲक्टचा प्रोजेक्ट चालवून दाखवणारं साधन) वापरून सुरू करा, ते ५१७३ पोर्टवर चालतं आणि तुमचा सर्व्हर ३००० वर, त्यामुळे व्हीटच्या सेटिंगमध्ये एपीआयचे पत्ते ३००० कडे वळवायचे, म्हणजे कॉर्सच्या (एका पत्त्यावरच्या पानाला दुसऱ्या पत्त्यावरची माहिती ब्राउझर अडवतो तो नियम) एररशी झटापट होत नाही.

पायरी ७: डेटाबेस आणि तारखेचा घोळ

इकडे लोक मोंगोडीबी सुचवतात कारण त्यात क्वेरी पण जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टसारखीच दिसते, एकच भाषा टोकापर्यंत. माझं मत वेगळं आहे. हिशोबाचं काम म्हणजे बेरजा, महिन्यावार गट, अमुक सप्लायरचे तमुक टँकर, याला टेबलं आणि एसक्यूएलच बरं. एसक्यूलाइट घ्या, त्याला वेगळा सर्व्हर लागत नाही, एक फाइल म्हणजेच डेटाबेस, आणि नव्या नोडमध्ये त्याचं मॉड्यूल आतच येतं.

नोंद घालताना क्वेरीत (डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत) प्रश्नचिन्हं ठेवा आणि त्यांच्या जागी जायची माहिती वेगळी द्या. स्ट्रिंग जोडून क्वेरी बनवू नका, कधीच नाही, एसक्यूएल इंजेक्शनचा, म्हणजे कोणीतरी फॉर्ममधून स्वतःची आज्ञा डेटाबेसमध्ये घुसवायचा, दरवाजा तोच. रक्कम रुपयांत दशांश लावून ठेवू नका, तिचे पैसे करून पूर्णांकात ठेवा. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ केलं की ०.३०००००००००००००००४ येतं, आणि कमिटीच्या सभेत तो शेपटीतला ४ कोण समजावून सांगणार.

आता तारीख. टँकर रात्रीच येतात. समजा १ जूनला रात्री दोन वाजता टँकर आला. जावास्क्रिप्टचं टू आयएसओ स्ट्रिंग वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, देतं, आपण साडेपाच तास पुढे, म्हणजे त्यात लिहिलं जातं ३१ मे, रात्री साडेआठ. त्यातली पहिली दहा अक्षरं कापून तारीख म्हणून वापरलीत, जे अनेक उत्तरांमध्ये सांगितलेलं असतं, तर जूनचा टँकर मेच्या बिलात गेला. आणि परत वहीवरून भांडण. वेळ यूटीसीमध्येच साठवा, ते बरोबरच आहे, पण दाखवताना आणि महिना ठरवताना टाइम झोन आशिया-कोलकाता (Asia/Kolkata) असं स्पष्ट सांगा. सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसीवरच चालत असतो, लॅपटॉपवर बरोबर दिसलं म्हणून तिथे बरोबर असेल असं नाही. हे महिना काढायचं फंक्शन पण शेअर्डमध्येच टाका.

पायरी ८: अवेट म्हणजे काय ते एकदा समजून घ्या

कोडमध्ये जिथे तिथे असिंक आणि अवेट दिसेल. नोड तुमचा कोड एकाच धाग्यावर चालवतो, म्हणजे एकटाच वॉचमन. टँकरचा पाइप जोडून दिला की तो टाकी भरेपर्यंत तिथे उभा राहत नाही, गेटवर परत येतो, आणि ड्रायव्हरने हॉर्न दिला की जातो. फेच, फाइल वाचणं ही कामं अशी चालतात, अवेट म्हणजे हॉर्नची वाट बघणं, गेट उघडंच. पण त्याच वॉचमनला तुम्ही वर्षभराच्या पावत्या मोजायला बसवलं तर गेट बंद. तसंच सर्व्हरवर एखादा भलामोठा लूप लावलात तर तो संपेपर्यंत कोणालाच उत्तर मिळत नाही. नोडमधलं एसक्यूलाइट मॉड्यूल पण थांबवून ठेवणारं आहे, फक्त आपल्या चार-पाचशे नोंदींना ते इतक्या झटक्यात उत्तर देतं की फरक पडत नाही.

अवेट लिहायला विसरलात तर खऱ्या उत्तराच्या जागी प्रॉमिस, म्हणजे उत्तर नंतर देतो असं नुसतं वचन, हातात येतं, आणि पानावर "ऑब्जेक्ट प्रॉमिस" असं काहीतरी छापलं जातं. ते दिसलं की शोधायचं काय हे माहीत असू द्या.

पायरी ९: फोनवर, मग बाहेर

आधी घरातच. लॅपटॉप आणि फोन एकाच वायफायवर, लॅपटॉपचा आयपी बघा, बहुतेक १९२.१६८ ने सुरू होणारा, फोनच्या ब्राउझरमध्ये तो आणि पुढे कोलन ३०००. उघडलं नाही तर विंडोज फायरवॉलने नोडला अडवलंय, परवानगी द्या.

बाहेर टाकण्याआधी लॉगिन हवं, नाहीतर कोणीही टँकर घालेल. पासवर्ड कधीही जसाच्या तसा साठवायचा नाही, नोडच्या क्रिप्टो मॉड्यूलमध्ये एसक्रिप्ट आहे, त्याने हॅश (उलट फिरवता न येणारा सांकेतिक मजकूर) करून ठेवा आणि लॉगिनची खूण एचटीटीपी-ओन्ली कुकीत, जी पानावरच्या स्क्रिप्टला वाचता येत नाही. गुपितं एन्व्ह फाइलमध्ये (कोडबाहेर सेटिंग ठेवायची फाइल), आणि ती फाइल गिटइग्नोरमध्ये. पोर्ट ३००० पक्का लिहू नका, प्रोसेस डॉट एन्व्हमधून घ्या, होस्टिंगवाले आपला पोर्ट तिथून देतात.

होस्टिंग निवडताना एकच प्रश्न विचारा: डिस्क टिकते का? बऱ्याच फुकट योजनांमध्ये सर्व्हर परत सुरू झाला की डिस्क कोरी होते, आणि तुमची एसक्यूलाइटची फाइल त्या डिस्कवर असते. टिकणारी डिस्क असलेली योजना घ्या किंवा महिन्याला काही शे रुपयांचा छोटा व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा स्वतंत्र सर्व्हर, घ्या. रोज रात्री त्या फाइलची कॉपी दुसरीकडे जाईल अशी सोय करा, पण सर्व्हर लिहीत असताना नुसती फाइल कॉपी केली तर ती अर्धवट येऊ शकते, त्यासाठी एसक्यूलाइटची व्हॅक्यूम इन्टू ही कमांड वापरा, ती चालू डेटाबेसची नीट प्रत काढून देते. पहिल्या महिन्यात वॉचमनची वही पण चालू राहू दे, आणि महिन्याच्या शेवटी दोन्ही बेरजा समोरासमोर ठेवून बघा.